पेद्रूचा जोड

“अजून ओता,” मी होडीखालून ओरडलो.

ओहोटीची वेळ होती. होडी दोन ओंडक्यांवर चढवून ठेवली होती आणि मी तिच्या पोटाखाली ओल्या वाळूत पाठ टेकून पडलो होतो. वर तरीची होडी चालवणारे बाबलकाका खाडीचं पाणी बादलीने आत ओतत होते.

“गळता काय?”

“अजून नाही.”

“मगे गळाचा नाय. उठा मास्तर, कपडे खराब करून घेतलास.”

“अजून एक बादली.”

ती बादली रिकामी झाली आणि थोड्या वेळाने माझ्या भुवईवर थेंब पडला. मी बोटाने जागा चाचपली. होडीच्या पुढच्या टोकाजवळ, आडव्या जोडाच्या अगदी कडेला, हरभऱ्याएवढं, ओल्या भुग्याने अर्धवट बुजलेलं भोक होतं.

“सापडलं,” मी म्हणालो.

धक्क्यावर उभे असलेले आप्पा मोंडकर लगबगीने खाली आले. तरीचा कारभार बघणाऱ्या मंडळाचे ते अध्यक्ष. पोटामुळे त्यांना वाकता येत नसे, म्हणून त्यांनी उभ्यानेच विचारलं, “जोडावर ना?”

“जोडाच्या शेजारी.”

“शेजारी म्हणजे जोडावरच. मिया पयल्यापासून सांगतंय, पेद्र्यान जोडाची सळई हलकी वापरल्यान. दुबयसून इलो म्हणजे काय देव झालो?”

मी खालून बाहेर आलो. बाबलकाका रिकामी बादली धरून होडीत उभे होते. त्यांच्या तोंडावर आश्चर्य नव्हतं. हे मला तेव्हा दिसलं, पण त्याचा अर्थ लागला नाही.

ही खाडी आमच्या गावाला बाजारापासून तोडत होती. पूल फार लांब, म्हणून सगळी ये-जा तरीच्या होडीतून. जुनी लाकडी होडी कुजली तेव्हा मंडळाने ॲल्युमिनियमची होडी करून घ्यायचं ठरवलं. हलकी, रंग नको, डांबर नको, किडा लागायची भीती नाही. ती बांधली पेद्रू लोबोने. आखातात जहाजांच्या कारखान्यात ॲल्युमिनियम जोडायचं काम शिकून तो नुकताच परत आला होता, आणि ही होडी त्याचं गावातलं पहिलं मोठं काम. वाऱ्याने जोडावर सोडलेला आर्गन वायू उडून जातो आणि जोड बिघडतो, म्हणून भर उन्हाळ्यात चारी बाजूंनी ताडपत्र्या बांधून तो आत बसे. लोक ताडपत्रीच्या फटींतून बघत आणि म्हणत, “पेद्रू आत उकडून मेलो काय बघा रे.”

आणि आता त्याच होडीत, शाळेची मुलं बसलेली असताना, पाणी भरलं होतं. मुलं पाय वर घेऊन बसली आणि डबे तरंगताहेत म्हणून टाळ्या वाजवत राहिली. आया मात्र धक्क्यावर रडत होत्या. येत्या रविवारी सभा ठरली होती. जोड कच्चा निघाला तर काय होणार, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

होडीखाली मला भोक सापडलं त्याच संध्याकाळी पेद्रू माझ्या खोलीवर आला. तरीच्या धक्क्यावरच्या गोदामावर माझी खोली होती. तो दारातच उभा राहिला.

“सर, तुम्ही लोखंडा-पत्र्याच्या कारखान्यात होतात ना?”

“होतो. मास्तर होण्याच्या आधी दोन वर्षं, प्रयोगशाळेत.”

“मग एकदा नीट बघा. जोड माझो खोटो असलो तर माझ्या तोंडावर सांगा. मिया आयकान घेतलंय. पण आप्पा सांगतत म्हणून नाय.”

“बस तरी.”

तो बसला नाही. “ट्रॉलरवाले ह्या होडीकडे बघून थांबलेत. ही बुडाली म्हटल्यावर माका कोण बादलीसुद्धा जोडूक देवचो नाय. परत जावचा लागात. सर, मिया इलंय तेवा माझा चेडू माका काका म्हणत होता. पप्पा म्हणूक लागाक तेका वरीस गेला.”

तो आपल्या मुलीकडे, घरी गेल्यावर मी खिडकीत बसून राहिलो. मी घाटावरचा, दुष्काळी भागातला. या गावात मला दिवसभर मुलं होती आणि शाळा सुटली की कुणीच नव्हतं. माणसं चांगली होती, पण आपापल्या घरात होती. म्हणून संध्याकाळी काही काम नसताना मी तरीत बसून पलीकडे जाई आणि त्याच फेरीत परत येई. बाबलकाकांनी कधी विचारलं नाही, मास्तर, पलीकडे काय काम होतं? त्यांची बायको मथुराबाई जाऊन दोनएक वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. आम्ही फार बोलत नसू. ते वल्हं मारत, मी पाण्याकडे बघे. मधेच ते पुढच्या टोकाकडे तोंड करून पुटपुटत, “आज वारो पडलो,” किंवा “शेणव्यांचा आजोबा बरो नाय.” ते मला सांगत असावेत असं समजून मी हं म्हणे.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी भिंग घेऊन होडीकडे गेलो. बाबलकाका होडीतच बसले होते, पुढच्या टोकाच्या फळीवर.

मी सगळे जोड एकेक करून पाहिले. मुलांना सांगतो तसं सांगतो. पत्रा जोडताना जोडाच्या दोन्ही बाजूंचा पत्रा तापतो आणि थोडा हळवा होतो. सळई चुकीची वापरली असेल तर रोग तिथे शिरतो, पण तो जोडाच्या कडेकडेने, रेघेसारखा, सगळीकडे धावतो. इथे तसं काही नव्हतं. खवल्यांसारखी एकावर एक बसलेली पेद्रूच्या जोडाची नक्षी टोकापासून टोकापर्यंत स्वच्छ होती. मी मनातून त्याला शाबासकी दिली. आजार होता तो एकाच जागी, तळहाताएवढ्या पत्र्यात. आणि ती जागा आतून बाबलकाकांच्या फळीखाली येत होती.

“काका, जरा उठता?”

“कित्याक?”

“फळीखाली बघायचंय.”

“थय काय नाय.”

“नसेल. बघू तरी.”

“मास्तर, फळी बसवलेली असा. काढूक येवची नाय.”

फळी नुसती ठेवलेली होती, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं. मी उभाच राहिलो. वर्गात मुलगा पाटी पाठीमागे लपवतो तेव्हाही मी असाच उभा राहतो. जरा वेळाने ते उठले आणि त्यांनी स्वतःच फळी उचलली.

खाली पत्र्याच्या बेचक्यात चार बोटं पाणी होतं. त्यात अबोलीची दोन फुलं तरंगत होती. आणि तळाशी, जोडाला टेकून, एक ढब्बू पैसा होता. तांब्याचा, जुना, पण आताच घासल्यासारखा लालबुंद. त्याच्या भोवती ओल्या चुन्यासारखा पांढरा भुगा साचला होता. मी पेचकसाचं टोक हळूच टेकवलं. ते पत्र्यात बुडालं.

“हा कुणी ठेवला?”

बाबलकाका खाडीकडे बघत होते. “आमच्यात नवी होडी पाण्यात घालतत तेवा घरची बाई तिच्या पोटात तांब्याचो पैसो ठेवता. लाकडी होडीत फळयेखाली ठोकून टाकतत. होडी सुखरूप परत येवची म्हणून.”

“या होडीत तो आप्पांच्या बायकोने ठेवायला हवा होता ना? होडी मंडळाची आहे.”

“तिना ओटी भरल्यान, आरती केल्यान. पैसो ठेवूक इसारली. मगे सगळे जेवूक गेले आणि मथुरा इली. मिया हयच होतंय. माका म्हणाली, होडी मंडळाची असांदे, वल्ह्यार माझो माणूस असा. आणि ह्यो पैसो ठेवल्यान.”

“मग सगळ्यांसमोर का नाही ठेवला?”

ते माझ्याकडे असे बघू लागले, जणू इतकी वर्षं गावात राहून यांना काहीच माहीत नाही.

“मास्तर, ती ह्या घरात इली त्या वर्षी माझो भाऊस दर्यात गेलो. मगे पोर नाय झाला. लोक तिका पांढऱ्या पायाची म्हणीत. कोणाची होडी पाण्यात घालूचा असला की बायका आधी निरोप धाडीत, मथुरेक सांगा, आज धक्क्यार येव नको. ती जाय नसे. घरात बसून ऱ्हवत होती. पुरी जिंदगी. एक होडी तिना अशी हातान शिवली नाय. ही सोडून.”

“आणि हे पाणी?”

“ती गेल्यार मिया रोज सकाळी तिका आंघोळ घालतंय. खाडयेच्या पाण्यान. फूल घालतंय. फळी घालून वर बसतंय.” त्यांनी फळीवरून हात फिरवला. “जरा बोलतंय. होडयेत कोण ऐकणारा नसता.”

तेव्हा मला कळलं, संध्याकाळी आज वारा पडला म्हणून ते कुणाला सांगत होते.

मी त्यांना समजावून सांगितलं. हे सांगणं मला नेहमी सोपं जातं आणि त्या दिवशी फार अवघड गेलं. तांबं आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटले आणि वर खारं पाणी आलं, की त्यांच्यात एक देवघेव सुरू होते. त्यात तांबं तसंच राहतं, उलट उजळतं. ॲल्युमिनियम विरत जातं. जोडाजवळचा हळवा पत्रा तर आधीच. लाकडी होडीत हाच पैसा शंभर वर्षं राहिला असता आणि कुणाला काही झालं नसतं.

ते लक्ष देऊन ऐकत होते. माझ्या चांगल्या विद्यार्थ्यांसारखा त्यांनी नेमका प्रश्न विचारला.

“नुसतो पैसो असतो आणि पाणी नसता तर?”

“कोरडं असतं तर काही झालं नसतं.”

“म्हणजे तिना नाय. माझ्या पाण्यान.”

“दोन्ही लागतात, काका.”

“पण पाणी मिया घातलंय.”

“हो.”

त्यांनी पाण्यात हात घालून पैसा उचलला, पंच्याच्या टोकाला पुसला आणि गाठ मारून कमरेला खोचला.

“तुम्हाला आधीच माहीत होतं का?” मी विचारलं. “इथूनच पाणी येतंय ते?”

“दिसत होता. होडी वाळूत वडली की फुला ऱ्हवतत, पाणी जाता. पण सांगलंय तर फळी उचलतले, पैसो काढतले. म्हटला, चलता तेवढे दीस चलांदे.”

“आणि पेद्रू? त्याच्यावर आळ आला तेव्हाही तुम्ही गप्प बसलात.”

ते वल्ह्याच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिले.

“उद्या मला सगळं सांगावं लागेल,” मी म्हणालो. “त्याची मुलगी...”

“काय सांगतलास? मथुरेच्या पैशान होडीक भोक पडला?” त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “बरोबर सांगतलास तुमी. तांब्याचा, पत्र्याचा, सगळा बरोबर. आणि लोक त्यातला काय ऐकतले? पांढऱ्या पायाच्या बायलेन मेल्यावरसुद्धा पोरांची होडी बुडवल्यान. शाळेतली पोरा म्हणतली. जिती होती तेवा मिया कोणाच्या तोंडाक हात लावूक शकलंय नाय. आता माका बघूचा नाय ता.”

मी आयुष्यभर मुलांना सांगत आलो होतो की खरं असेल ते सांगायचं, म्हणजे सगळं नीट होतं. तिथे बसून मला तसं म्हणवेना.

“उद्या तुमी आधी बोला नकात,” ते म्हणाले. “एवढा करा.”

“आणि तुम्ही काहीच बोलला नाहीत तर? मला गप्प बसता येणार नाही, काका.”

“गप ऱ्हवा म्हणून मिया खय सांगतंय? आधी बोला नकात.”

रविवारी दुपारी धक्क्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये सभा भरली. माझ्या पिशवीत काचेचा पेला, मिठाची पुडी, तांब्याचा एक पैसा आणि ॲल्युमिनियमची पट्टी होती. काका गप्प राहिले तर सगळ्यांसमोर प्रयोग करून दाखवायचा, असं मी ठरवलं होतं.

पेद्रू एका कडेला उभा होता, आंघोळ करून, चर्चला जायच्या कपड्यात. मुलगी त्याच्या कडेवर होती.

“तर मंडळींनू,” आप्पा म्हणाले, “मास्तरांनी होडी बघितल्यानी. भोक जोडार असा. पेद्र्या, तुका काय बोलूचा असला तर बोल.”

“जोड माझो पक्को असा,” पेद्रू म्हणाला.

“पक्को असा म्हणान पोरांच्या भाकऱ्यो पवूक लागल्यो काय?”

लोक हसले. पेद्रूची मुलगी सगळे हसले म्हणून हसली. मी पिशवीत हात घातला.

“जोडाचा काय नाय,” मागून आवाज आला. बाबलकाका उठून उभे राहिले होते. “होडी मिया कुजवलंय.”

“काय?”

“पुढच्या फळयेखाली पाणी साचत होता. ता उपसूचा ऱ्हवला. एक दीस नाय, दोन वर्षा. फळी घालून वर बसलंय. कोण बघता? खाऱ्या पाण्यान आतून पत्रो खाल्ल्यान. पेद्रूचो काय एक दोष नाय.”

ज्या माणसाची होडी रोज ताटासारखी घासलेली असे, तो हे सांगत होता. कुणाला ते पटकन पटेना.

“बाबलकाकांनू,” पेद्रूच म्हणाला, “तुमी होडी उपसूक नाय? कोण खरा मानात?”

“नाय उपसूक. आळस केलंय.”

आप्पांनी माझ्याकडे वळून विचारलं, “मास्तर, तुमी शिकलेले. ह्या खरा काय? पाण्यान असा होता?”

सगळे माझ्याकडे बघत होते. बाबलकाका सोडून. ते आपल्या पायांकडे बघत होते, आणि एक हात कमरेच्या गाठीवर होता.

मी पिशवीतून हात बाहेर काढला. “पेद्रूचा जोड पक्का आहे,” मी म्हणालो. “मी भिंगाने तपासलाय, टोकापासून टोकापर्यंत. आणि तिथे रोज खारं पाणी नसतं, तर भोक पडलं नसतं.”

“म्हणजे बाबल्याचीच चूक.”

मी काही बोललो नाही. गप्प बसणं हे उत्तरच होतं, आणि सभेने ते तसं घेतलं.

“म्हातारो झालंस रे बाबल्या,” आप्पा म्हणाले.

“झालंय.”

“आळशी माणसाच्या हातात पोरांचो जीव कसो देवचो?” बायकांच्या बाजूने कुणीतरी म्हणालं. दुसरं म्हणालं, “बायल गेल्यापासून तेचा ध्यान खय असा?” मग पुष्कळ जण एकदम बोलू लागले. बाबलकाकांनी ते सगळं मान खाली घालून ऐकून घेतलं. जेवायला बसलेला माणूस पाऊस ऐकतो तसं. शेवटी वल्हं दुसऱ्याकडे द्यायचं ठरलं, तेव्हा त्यांनी मान हलवली आणि ते घरी गेले.

होडी पेद्रूनेच दुरुस्त केली. खराब पत्रा कापून काढताना मी तिथे होतो. कापलेला तुकडा त्याने उलटा केला आणि भुगा झटकला. आतल्या बाजूला पैशाएवढं गोल वर्तुळ कोरल्यासारखं उठलं होतं.

त्याने वर्तुळावरून बोट फिरवलं. “सर, साचलेल्या पाण्यान असो गोल पडत नाय.”

“नाही पडत.”

“हय काय होता?”

“तुझा जोड पक्का आहे, पेद्रू.”

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग बाबलकाकांच्या घराकडे. ते धक्क्यावरून दिसत असे. तो आणखी काही विचारेल असं मला वाटलं. पण त्याने ग्राइंडर सुरू केला, तो तुकडा पायाखाली धरला आणि वर्तुळ घासून सपाट करून टाकलं. मग तुकडा भंगाराच्या ढिगात फेकला आणि नवा पत्रा मापाला लावू लागला.

पुढे त्याच्याकडे ट्रॉलरची कामं आली. त्याला परत जावं लागलं नाही.

तरीवर नवा माणूस आला. त्याने लवकरच होडीला इंजिन बसवलं. फेरी झटपट होऊ लागली आणि आवाजात बोलणं अशक्य झालं. मी संध्याकाळी उगाच पलीकडे जाणं सोडून दिलं. धातूंचा धडा शिकवताना मी अजून पेला, मीठ, पैसा आणि पट्टी घेऊन बसतो. आता निवृत्त झालो तरी शेजारची मुलं ओसरीवर जमतात आणि दोन-चार दिवसांत पट्टी विरलेली बघून विचारतात, हे तुम्हाला कुणी शिकवलं? मी म्हणतो, कारखान्यात शिकलो.

त्या सभेनंतर बाबलकाकांकडे जायला मला धीर होत नव्हता. शेवटी एका संध्याकाळी गेलो. ते पायरीवर खाडीकडे पाठ करून बसले होते, घराच्या दाराकडे तोंड करून.

“येवा मास्तर. बसा.”

मी बसलो. पलीकडून इंजिनाचा आवाज येत होता आणि दूर जात होता.

“काका, एक विचारू? अजून बोलता त्यांच्याशी?”

“बोलतंय की.” ते थोडं हसले. “पण होडयेत बरा होता. होडयेत ती नुसती बसान ऐकत होती. घरात तेका सतरा कामा. मिया सांगत ऱ्हवतंय, ती आपली कामात.”

मग त्यांनी दारातून आत बघत जरा मोठ्याने हाक दिली, “मास्तर इलेहत गो. च्याय टाक.”

आत अंधार होता. आम्ही दोघंही थोडा वेळ थांबलो.

“ऐकूक जाऊक नाय तिका,” ते म्हणाले, आणि गुडघ्यांवर हात टेकून उठून चूल पेटवायला आत गेले.